रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग ती अंधार करून का पडून राहते?

नागपूरच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पत्नी पस्तिशीची, बँकेत नोकरीला. महिन्यातून चार-पाचदा डोकं उठतं, बहुतेक वेळा एकाच बाजूचं. उलट्या होतात, पडदे ओढून पडून राहते. एमआरआय झाला, डोळे तपासून झाले, सायनसचा एक्स-रे झाला, कशातच काही निघालं नाही. आई म्हणते पित्त आहे, वेळेवर जेवत नाही म्हणून. ते पुढे लिहितात, "माझ्या भावाच्या लग्नात तीन दिवस हसत-खेळत होती, वरातीत नाचली. पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी बिछान्यात. आता घरात सगळे म्हणून राहिले, काम निघालं का हिचं डोकं दुखते. मी तिची बाजू घेतो, पण खरं सांगू का, मलाही कळत नाही. तिला नेमकं काय होतं? मी काय समजून घ्यायला पाहिजे?" आणि शेवटी एक ओळ: सात वर्षांच्या मुलीलाही हे होईल का?

भाऊ, मी नागपुरातच न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस करतो, धंतोलीत. तुमच्या पत्नीला मी तपासलेलं नाही, तेव्हा खाली लिहितो ते निदान समजू नका. पण तुम्ही सांगितलेलं वर्णन मायग्रेनचं, म्हणजे आपल्या अर्धशिशीचं वाटतं, आणि तसं धरूनच मी पुढे बोलतो. ज्या दुखण्याचा कागदावर पुरावा नाही, जे येतं आणि आपलं आपण जातं, त्याला घरानं किती मोठं मानायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे. तुमच्या घरचे तिचे पडून राहण्याचे दिवस मोजून राहिले. माझ्या मते या आजाराचं माप मधल्या, बऱ्या दिसणाऱ्या दिवसांत सापडतं. तिथे येतोच, पण आधी रिपोर्टचं बोलू.

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ आहे का, रक्तस्राव झाला का, कुठे पाणी साचलंय का. अर्धशिशीत रचना शाबूत असते आणि बिघाड कामकाजात असतो. घराच्या फोटोत भिंतीचा तडा दिसेल, पण घरातलं व्होल्टेज वर-खाली होतंय हे दिसणार नाही, तसं आहे हे. म्हणून आम्ही हे निदान मशीनवर न करता माणसाशी बोलून करतो. औषध न घेतल्यास ४ ते ७२ तास टिकणारं दुखणं, असे किमान पाच अटॅक येऊन गेलेले. एका बाजूला, ठणकणारं, मध्यम ते तीव्र, जिना चढल्यानं किंवा वाकल्यानं वाढणारं, या चारांतल्या दोन खुणा. सोबत मळमळ-उलटी, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही असह्य होणं. एवढं जुळलं, तपासणीत दुसरं काही सापडलं नाही, की नाव ठरतं. नॉर्मल एमआरआयनं दुसरे आजार नाहीत एवढं सांगितलं. 'काहीच नाही' असं तो म्हणालेला नाही.

आत काय होतं याची आता बरीच माहिती आहे. मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांभोवती ट्रायजेमिनल नावाच्या नसेचे तंतू असतात. अटॅकच्या वेळी त्यांच्यातून सीजीआरपी नावाचा रेणू सुटतो आणि दुखण्याची सगळी साखळी चेतवली जाते. या कामासाठी लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन या चौघांना २०२१ चा ब्रेन प्राइझ हा मेंदूविज्ञानातला मोठा पुरस्कार मिळाला. त्या रेणूला किंवा तो जिथे बसतो त्या जागेला अडवणारी इंजेक्शनं निघाली आणि त्यांनी बऱ्याच लोकांचे अटॅक कमी झाले. घरी कोणी 'मनाचे खेळ' म्हटलं तर एवढं सांगायला हरकत नाही.

आता तिला नेमकं काय होतं ते. लोकांना वाटतं अटॅक म्हणजे डोकं दुखणं. दुखणं हा मधला भाग झाला. सुरुवात पुष्कळदा आदल्या दिवशीच होते: जांभयांवर जांभया, मान आखडणं, उगाच चिडचिड, सारखं लघवीला जावं लागणं, बोलताना साधा शब्द न आठवणं, काहीतरी गोड खावंसं वाटणं. स्वतः पेशंटला पुष्कळदा हे कळत नाही, पण घरच्यांना कळतं. रेल्वेत नोकरी असलेले एक गृहस्थ मला म्हणाले होते, "ती जांभया देऊन राहिली का मी समजतो, उद्या स्वयंपाक माझ्याकडे." चांगलं निरीक्षण आहे. यातून एक गैरसमजही सुटतो. 'काल चॉकलेट खाल्लं म्हणून आज डोकं उठलं' असं पुष्कळ जण सांगतात. अनेकदा क्रम उलटा असतो. अटॅक आत सुरू झालेला असतो, म्हणूनच चॉकलेट खावंसं वाटतं. मग बिचारी चॉकलेट सोडते, डोकं काही सोडत नाही.

साधारण तीन-चार रुग्णांपैकी एकाला दुखण्याच्या आधी 'ऑरा' येतो. नजरेच्या एका कोपऱ्यात चमकती नागमोडी रेघ उमटते, हळूहळू पसरते, तिच्या मागे थोडा भाग दिसेनासा होतो. काहींना बोटांपासून ओठांपर्यंत मुंग्या सरकत जातात. हे पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतं. मेंदूच्या पृष्ठभागावरून विद्युत हालचालीची एक लाट मिनिटाला काही मिलिमीटर अशी सरकते, त्याचा हा परिणाम. ब्राझीलचे शास्त्रज्ञ अरिस्टिडिस लिआओ यांनी ही लाट १९४४ मध्ये सशाच्या मेंदूत नोंदवली होती. तुमच्या पत्नीला असं काही दिसतं का, हे एकदा मुद्दाम विचारा. ऑरा असलेल्या बाईनं इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तर पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि पुष्कळदा स्त्रीरोगतज्ज्ञांना ऑराबद्दल कोणी सांगितलेलंच नसतं.

मग दुखणं. प्रत्येक ठोक्याला ठणका, डोळ्याच्या मागे किंवा कानशिलात. साधं डोकं दुखलं तर माणूस कपाळाला बाम चोळून काम रेटतो. अर्धशिशीत हालचालीनंच दुखणं वाढतं. मान वळवली, खोकला आला, उठून बाथरूमपर्यंत गेलं, की ठणका वर चढतो. ती पडून आराम करत असते असं दाराबाहेरून वाटतं. प्रत्यक्षात ती हलणं टाळत असते. आराम कसला, झोपही लागत नाही पुष्कळदा.

शिवाय सगळ्या जाणिवा एकदम वाढतात. कुकरची शिट्टी, कुलरची घरघर, मिरचीची फोडणी, अगरबत्ती, तुमच्या शर्टाचा डिओ. एरवी लक्षातही न येणाऱ्या या गोष्टी त्या दिवशी अंगावर येतात. बऱ्याच जणींना केसांची मुळं दुखतात, अंबाडा सोडावा लागतो, चष्म्याची दांडी किंवा उशीचा स्पर्शही नको होतो. तुम्ही प्रेमानं कपाळावर हात ठेवता आणि ती तो झटकते, तेव्हा राग मानू नका. त्या वेळी त्वचेवरचा साधा स्पर्शसुद्धा दुखतो. उलट काही जणींना ओढणी करकचून बांधल्यानं बरं वाटतं. म्हणून काय हवं ते विचारायचं, तेही दुखत नसताना.

दुखणं थांबलं की घरच्यांच्या लेखी विषय संपला. पण पुढचा दिवस, कधी दोन दिवस, डोकं जड असतं, लक्ष लागत नाही, अंगात त्राण नसतं, थोडं वाकलं तरी परत ठणकेल अशी भीती असते. बँकेत रोख मोजणाऱ्या बाईनं त्या दिवशी नोटा दोन-दोनदा मोजल्या तर त्याचं कारण हे आहे.

आता आईंच्या पित्ताबद्दल, कारण आपल्याकडे यात सर्वांत जास्त वेळ वाया जातो. माझ्याकडे येणारे कितीतरी लोक वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेऊन आलेले असतात. तर्क सरळ वाटतो: मळमळ होते, आंबट-कडू उलटी पडते, उलटी झाली की डोकं थांबतं, म्हणजे पित्तच. पण मळमळ अटॅकचाच भाग आहे. मेंदूच्या तळाशी उलटीचं नियंत्रण करणारा भाग आहे, तो या साखळीत ओढला जातो. पोटाची हालचालही अटॅकमध्ये मंदावते, खाल्लेलं तसंच पडून राहतं. उलटी झाल्यावर काहींना बरं वाटतं हे खरं, पण झोप लागल्यावरही बरं वाटतं, आणि तेव्हा पोटातून पित्त काही बाहेर पडलेलं नसतं. आईंचं निम्मं मात्र बरोबर आहे. जेवण टळलं की डोकं उठतं, हे अगदी खरं. त्यांनी कारण चुकीचं सांगितलं तरी उपाय योग्य सांगितला, तेव्हा त्यांच्याशी भांडू नका.

पोट मंदावण्याचा मुद्दा गोळी घेताना फार महत्त्वाचा ठरतो. दुखणं चांगलं वाढल्यावर, मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटातच पडून राहते, रक्तात पोचायला उशीर होतो. 'गोळीनं काहीच होत नाही' म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची गोळी योग्य असते, वेळ चुकलेली असते. सुरुवातीच्या तासाभरात पुरेशा डोसची गोळी, गरज असेल तर सोबत उलटी थांबवणारं औषध, असं आम्ही देतो. साध्या वेदनाशामकांनी भागत नसेल तर सुमाट्रिप्टानसारखी ट्रिप्टान गटातली औषधं आहेत. ती खास या दुखण्यासाठीच आहेत, पण हृदयविकार असलेल्यांना किंवा बीपी ताब्यात नसलेल्यांना देत नाहीत. तुमच्या पत्नीला कोणतं चालेल हे बीपी, आधीचे आजार, पुढे मूल हवं आहे का, यावर ठरेल. तिथे मी इथून बोट ठेवणार नाही.

लग्नाचं कोडं आता सोडवू, कारण तुमच्या घरात संशय तिथूनच सुरू झाला. अर्धशिशीच्या मेंदूला बदल सोसत नाही. झोप कमी झाली तरी डोकं उठतं, रविवारी दहापर्यंत झोपलं तरी उठतं. तणाव चढत असताना शरीर तो ओढून नेतं, आणि तणाव उतरला की दुसऱ्या दिवशी अटॅक येतो. आमच्याकडे परीक्षा संपल्यावरचे, मार्चअखेर झाल्यावरचे बँकवाले, लग्न आटोपल्यावरच्या घरच्या बायका, असे पेशंट ठरलेलेच. तुमच्या पत्नीनं तीन दिवस रात्रीचे दोन-दोन वाजवले, जेवणं अवेळी झाली, डीजे आणि लायटिंग होतं, पाहुण्यांचं केलं. तीन दिवस हसली म्हणून चौथ्या दिवशीचं दुखणं खोटं ठरत नाही. त्या तीन दिवसांमुळेच तो चौथा दिवस आला. आणि पाळी जवळ असेल तर आणखी. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत इस्ट्रोजेन एकदम उतरलेलं असतं, त्या दिवसांत अटॅक जास्त येतात आणि जास्त टिकतात. वयात आल्यानंतर बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या साधारण तिप्पट दिसतो, त्यात हार्मोनच्या चढ-उताराचा मोठा हात आहे.

ट्रिगर म्हणून एकच गुन्हेगार शोधायची घरच्यांना घाई असते. बहुतेक वेळा दोन-तीन गोष्टी एकावर एक चढतात तेव्हा डोकं उठतं. एकटं ऊन सोसतं, एकटा उपास सोसतो, पण संकष्टीला उपाशीपोटी दुपारी दोन वाजता सीताबर्डीत खरेदीला गेलं की संपलं. आपल्याकडचा उन्हाळा तर स्वतंत्र विषय आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापलेले नऊ दिवस, लागला की रात्रीही झोप नाही, घाम जातो तितकं पाणी आत येत नाही. या दिवसांत दुपारची बाहेरची कामं सकाळी उरकावीत, तोंडाला दुपट्टा आणि डोळ्याला गॉगल असावा, पाणी-ताक-पन्हं तहान लागायच्या आधी घ्यावं. गॉगल घरात मात्र घालू नये. सतत काळोखात राहिलं तर डोळ्यांना उजेड आणखीच सोसेनासा होतो. केस धुतल्यावर डोकं उठतं अशी तक्रार भारतातल्या बायका भरपूर करतात. इथल्या डॉक्टरांनी ती वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलीही आहे, तेव्हा ती हसण्यावारी नेऊ नका.

सावजीचं तिखट जेवण खाल्ल्यानं होतं का, हा इथला लाडका प्रश्न. मला तरी दर वेळी सावजीच्या सोबत रात्रीचा उशीर, दोन पेग आणि त्या रात्रीची अपुरी झोपही सापडते, मग दोष एकट्या रश्शाला का द्यायचा? काही लोक तर नागपुरात राहून संत्री सोडून बसले आहेत, कोणीतरी सांगितलं म्हणून. डोकं कधी उठलं आणि त्याआधी काय झालं हे लिहून ठेवायच्या वहीत तीच गोष्ट तीन-चारदा ठळक दिसली, तरच मी एखादा पदार्थ बंद करायला सांगतो.

आता ते मधले दिवस. माझ्याकडे एक शिक्षिका येतात. त्यांना महिन्यात तीनेक अटॅक, म्हणजे पाच-सहा दिवस. कागदावर फार नाही. पण त्या लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या की आधी स्पीकर कुठे आहे ते बघतात आणि दाराजवळची खुर्ची धरतात. पर्समध्ये गोळी, गॉगल, पाण्याची बाटली आणि एक रिकामी प्लास्टिकची पिशवी कायम. कुणी पुढच्या आठवड्याचं आमंत्रण दिलं की 'बघते, नक्की नाही सांगत' म्हणतात. असं काही वेळा झालं की लोक बोलावणं सोडतात, आणि हळूहळू त्याही स्वतःहून ठरवणं सोडतात. सहलीची जबाबदारी घेत नाहीत, पर्यवेक्षिकेच्या पदासाठी अर्ज केला नाही. बरं वाटत असलेल्या दिवशी दुप्पट काम उरकतात, कारण उद्याची खात्री नाही, आणि त्या दुप्पट कामानंच पुढचा अटॅक येतो. त्यांना सर्वांत जास्त काय खुपतं विचारलं तर दुखणं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मुलगा शाळेतून आला की आधी दार हळू उघडून बघतो, आज आई कशी आहे."

तुमच्या पत्नीलाही असं काही असेल, नसेलही. प्रत्येकीचं वेगळं असतं. पण तिला 'आता दुखतंय का' विचारण्याऐवजी कधीतरी निवांत विचारा, की डोकं उठेल या भीतीनं तू काय काय करायचं सोडलं आहेस. उत्तर ऐकून तुम्हाला आजार जितका समजेल तितका माझ्या लेखानं समजणार नाही. २०१९ च्या जागतिक आजारभाराच्या अभ्यासात, माणसाला किती वर्षं अकार्यक्षम करतो या हिशेबात, अर्धशिशी दुसऱ्या क्रमांकावर होती, आणि तरुण बायकांत पहिल्या. यानं जीव जात नाही, तरी इतका वर का, तर ऐन कमावत्या आणि मुलं वाढवण्याच्या वर्षांत ती दर महिन्याला येते. या आजारासोबत उदासी आणि चिंतेचे विकारही जास्त दिसतात. ते कारण नसतात, सोबती असतात. तशी लक्षणं दिसली तर त्यांचाही इलाज वेगळा करावा लागतो.

एका गोष्टीवर मात्र नजर ठेवाच: गोळ्यांची संख्या. आपल्याकडे केमिस्टच्या काउंटरवर डोकेदुखीची पट्टी सहज मिळते. कॅफिन मिसळलेल्या गोळ्या, अर्गोटामिन या जुन्या औषधाच्या जोडगोळ्या, सगळं. साधं वेदनाशामक महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामिन किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की औषधानंच रोजची डोकेदुखी तयार होऊ शकते. मग सकाळी उठल्यापासून डोकं जड, गोळी घेतली की चार तास बरं, परत गोळी. अशा वेळी गोळी वाढवून उपयोग नसतो, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करावी लागते, आणि पहिले काही दिवस फार वाईट जातात. तुमची पत्नी अजून तिथे पोचलेली दिसत नाही. पण तिच्या पर्समधली पट्टी किती दिवसांत संपते, हे तिलाही विचारा. लपवत असेल तर रागावू नका. टोमणे टाळायला, नोकरीवर उभं राहायला लोक गोळी गिळून पुढे जातात.

महिन्यात चार किंवा जास्त दिवस असे वाया जात असतील तर अटॅक येऊच नयेत म्हणून रोज घ्यायचं औषध सुरू करण्याचा विचार करायला हवा. तुम्ही सांगता त्यावरून ती त्या रेषेवर आहे. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट अशी जुनी, परवडणारी औषधं आहेत. दम्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, वजन वाढलेलं असेल तर फ्लुनारिझिन टाळावंसं वाटतं, मूल हवं असेल तर टोपिरामेट नको. टोपिरामेटनं काहींचा घाम कमी होतो, म्हणून नागपूरच्या मेमध्ये मी ते देताना उन्हाबद्दल दोनदा बजावतो. यांतलं कोणतंही औषध दोन-तीन महिने दिल्याशिवाय लागू पडलं की नाही ते कळत नाही. अटॅक निम्मे झाले तरी आम्ही त्याला यश म्हणतो. पूर्ण बंद होतील अशी अपेक्षा ठेवून लोक तिसऱ्या आठवड्यात औषध सोडतात आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जातात.

तुम्ही स्वतः काय करायचं? तिला बरं वाटत असताना दोघांनी बसून अटॅकच्या दिवसाची वाटणी ठरवा: मुलीचा डबा कोण, बँकेत फोन कोण करणार, जेवण काय. फोडणीचा वास नको असेल तर त्या दिवशी दहीभात चालतो, कोणाचं काही बिघडत नाही. खोलीत जाऊन दर अर्ध्या तासानं 'आता कसं आहे' विचारू नका. पाणी ठेवा, मोबाइल सायलेंट करा, दार लोटून घ्या. आणि आईंना वेगळं, तिच्यासमोर नाही, एवढं सांगा की हिच्या दुखण्याला डॉक्टरांकडे नाव आहे. 'आमच्या वेळी नव्हतं बा असं' म्हणणाऱ्या सासूबाईंनाच तरुणपणी डोक्याला फडकं बांधून चुलीपुढे बसावं लागत होतं, असंही निघतं कधी कधी. विचारून बघा. पाळी गेल्यावर पुष्कळ जणींचं दुखणं कमी होतं आणि आठवणही पुसट होते.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा: क्षणात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, सोबत ताप आणि मान ताठ, हात-पाय लुळे पडणं, बोबडी वळणं, शुद्ध हरपणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानं सुरू झालेलं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा नेहमीचा साचा बदललेली डोकेदुखीही लवकर दाखवावी. नेहमीच्याच प्रकारच्या दुखण्यासाठी दर वर्षी एमआरआय काढायची मात्र गरज नाही. तो पैसा वाचवा.

राहिली मुलगी. घरात आई किंवा वडिलांना असेल तर मुलांत शक्यता वाढते, पण होईलच असं नाही. लहान मुलांत चित्र वेगळं असतं. अटॅक कमी वेळाचा असतो, दुखणं कपाळभर किंवा दोन्ही बाजूंना, आणि मूल 'डोकं' न म्हणता 'पोट दुखतं' म्हणू शकतं. खेळता खेळता फिकट पडून गप्प बसणं, अंधाऱ्या खोलीत जाऊन झोपणं, झोपून उठल्यावर एकदम ठणठणीत होणं, गाडीत बसल्यावर उलटी होणं, कारण न सापडणारी पोटदुखी परत परत येणं, अशा गोष्टी दिसल्या तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि आईला अर्धशिशी आहे हे पहिल्या वाक्यातच सांगा. मुलं शाळा बुडवायला पोटदुखीचं निमित्त करतात असं आपण पटकन धरतो, आणि डॉक्टरही कधी कधी तसंच धरतात. तोवर सकाळी काही खाल्ल्याशिवाय शाळेत पाठवू नका, पाण्याची बाटली भरलेली जाते आणि रिकामी परत येते की नाही ते बघा, आणि सुट्टीच्या दिवशीही तिची झोपण्या-उठण्याची वेळ फार हलू देऊ नका.